पुट्टीखालचा पत्रा

मोटारीचे आणि ख्रिस्ती माणसाच्या आत्म्याचे काही नाते असेल, असे सत्तरी उलटेपर्यंत माझ्या मनात आले नव्हते. आमच्या पाळकसाहेबांनीही उपदेशात ही उपमा कधी वापरली नाही. ते बिचारे स्कूटरवाले!

माझी मोटार म्हणजे आबांची १९६८ सालची फियाट. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली, १०८९ सी. सी. इंजिनाची, स्टीअरिंगलाच गिअरची दांडी असलेली. तिची धाकटी बहीण पद्मिनी २०२३ साली मुंबईच्या टॅक्सीतळांवरून निवृत्त झाली, तेव्हा वर्तमानपत्रांनी हळहळून लिहिले. आमची फियाट मात्र नगरला, घरामागच्या पडवीत ताडपत्रीखाली होती. हिच्या माघारी तीन वर्षे मीही तसाच होतो. रविवारी उपासनेला जाई, गीते म्हणे. ''छान सावरलात हो,'' असे लोक म्हणत. आत प्रार्थनेचा एक शब्द उमटत नसे.

मिस्त्रीने गाडीभोवती फेरी मारली आणि विचारले, ''साहेब, रंग मारून देऊ, का गाडी दुरुस्त करू?''

मग तो लहानशा हातोडीने ठोकत गेला. पत्रा असेल तिथे टण्, पुट्टी असेल तिथे ठप्. पुट्टी पाणी धरते आणि तिच्याखाली लोखंड निवांत गंजत राहते. गंजाला लोखंडाहून जास्त जागा लागते, म्हणून तो फुगतो, रंगाला वर ढकलतो. बाहेर फोड दिसतो तोवर आत भोक पडलेले असते. ''छान सावरलात'' हे शब्द मला त्या 'ठप्'मध्ये ऐकू आले.

जुना रंग त्याने ब्लो लॅम्पने जाळून काढला. वास असह्य होता. पश्चात्ताप या आपल्या शब्दात ताप आहे, हे मी इतकी वर्षे वाचूनही पाहिले नव्हते. नव्या करारातला मूळ ग्रीक शब्द मन पालटण्याचा आहे. पण आपला मराठी शब्द मला अधिक खरा वाटतो. ब्लो लॅम्पजवळ उभे राहून बघा!

इतके पत्रे बदलल्यावर गाडी तीच कशी, असे तुम्ही विचाराल. म्हाताऱ्या माणसाने पुन्हा जन्मावे कसे, हे निकदेमानेही येशूला विचारलेच होते. मला आमच्या नगरात राहून गेलेले रेव्हरंड टिळक आठवतात. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण नारायण वामन हे नाव राहिले, मराठी राहिली, अभंग राहिला. चासीचा नंबर बदलत नाही.

गेल्या महिन्यात मागच्या सीटखालची चटई उचलली, तर हिची केसांतली पिन निघाली, गंजलेली. मी स्टुलावर बसलो आणि तीन वर्षांत प्रथमच देवाशी बोललो. भांडलोच म्हणा ना! ८८वे स्तोत्र अंधारातच संपते. तेही पवित्र शास्त्रातच आहे. मिस्त्री दाराशी आला आणि न बोलता परत गेला.

रंगाचे अजून ठरलेले नाही. हिला निळा आवडे. मिस्त्री म्हणतो, आधी प्रायमर वाळू द्या.