आमची पहिली बोट

मिहानमधल्या आमच्या गच्चीतून विमाने चढता-उतरताना दिसतात. समुद्र मात्र शेकडो मैल दूर! परवा नातीने विचारले, "आजोबा, तुम्ही लहानपणी क्रूझवर गेला होता?"

"गेलो होतो की! 1964च्या मे महिन्यात. आम्ही तिला नुसते बोट म्हणत असू."

भाऊच्या धक्क्यावर आईने आम्हां भावंडांची मनगटे जी धरली, ती सोडीचना. 17 जुलै 1947 रोजी रेवसला निघालेली 'रामदास' बुडून सहाशेंहून अधिक माणसे गेली होती. ते तिच्या मनातून जात नव्हते. तरी ती निघाली, कारण रत्नागिरीला आजी अंथरुणाला खिळली होती.

डेकवर सतरंजी पसरली. पोटात ढवळू लागले तेव्हा शेजारच्या अनोळखी काकूंनी आवळकाठी दिली. रत्नागिरीस बोट खोल पाण्यातच थांबली. खाली पडाव हेलकावत होता. खलाशाने हात पसरले. आईने क्षणभर डोळे मिटले आणि माझे मनगट सोडले.

आजीची भेट झाली. ती शेवटचीच.

कोकणच्या त्या बोटी पुढे बंद पडल्या. 1998पासून रेल्वे धावते. आता नात क्रूझला निघाली आहे, एकटी. विमानतळावर मी तिचे मनगट धरणार आहे, आणि वेळेवर सोडणारही आहे.