गाव गेलं, गावकरी उरले

स्वित्झर्लंडच्या लोचेंताल खोऱ्यात, लोन्झा नदीकाठी ब्लाटेन हे चिमुकलं गाव होतं. उंची सुमारे १,५४० मीटर, वस्ती जेमतेम ३००. काळवंडलेली लाकडी घरं, एक चर्च, आसपास कुरणं. पिढ्यान् पिढ्या डोंगराच्या भरवशावर माणसं नांदली.

मे २०२५ मध्ये तोच डोंगर ढासळू लागला. दरडींचा भार बिर्श हिमनदीवर साचत चालला. तज्ज्ञांनी इशारा दिला आणि १९ मेपर्यंत सारं गाव रिकामं झालं. गुरंढोरंही हलवली. भरला संसार मागे ठेवून निघताना पाय किती जड झाले असतील!

२८ मेच्या दुपारी हिमनदी दरडींसकट खाली आली. गावाचा सुमारे ९० टक्के भाग गाडला गेला. नदी तुंबली, उरल्यासुरल्या घरांत पाणी शिरलं. एकाचा बळी गेला, बाकीचे मात्र वाचले. खोऱ्यातल्या शेजारच्या गावांनी त्यांना आसरा दिला.

आता ब्लाटेन पुन्हा उभारायचं, असं गावकऱ्यांनी ठरवलं आहे. घरं परत बांधता येतात. ती बांधायला माणसं उरली, कारण वेळ असतानाच त्यांनी उंबरठा ओलांडला होता.