आधी पाऊल, मग भार

गेल्या पावसाळ्यात परभणीच्या आमच्या घरी अम्मी अंगणात घसरल्या. हाड शाबूत राहिले, पण मनात भीती बसली. भिंत धरल्याशिवाय त्या पाऊल उचलेनात. शाळेच्या घाईत आम्ही दोघे त्यांचा हात धरून ओढायचो. त्या आणखीच आखडायच्या.

मग मोबाईलवर पाहून आम्ही ताई-ची शिकू लागलो. चीनमध्ये १९५६ साली या जुन्या युद्धकलेतून सर्वांसाठी २४ हालचालींचा सोपा संच तयार झाला. आम्ही त्यातला पाया तेवढा घेतला. पाय खांद्यांइतके दूर, गुडघे किंचित सैल. सगळा भार सावकाश डाव्या पायावर न्यायचा. उजवा मोकळा झाला की त्याची टाच पुढे टेकवायची, मगच त्यावर भार द्यायचा. श्वास रोखायचा नाही.

खुर्चीची पाठ धरून आधी आम्हीच करून पाहिले आणि डगमगलो! अम्मी हसल्या, “पाऊल टेकायच्या आधीच तुम्ही अंग झोकता.” तेव्हा उमगले, ओढून ओढून आम्हीच त्यांचा तोल घालवत होतो.

आता फजरनंतर दहा मिनिटे तिघे मिळून करतो. खुर्ची अजून लागते. पण परवा अम्मी शेजारच्या खालांकडे चालत गेल्या. आम्ही मागे होतो, हात न धरता.