बावीस सामन्यांचा ताणा

आमच्या येवल्यात हंगाम म्हणजे तीन दिवस. भोगी, संक्रांत आणि कर. या तीन दिवसांत गावात कोणी जमिनीवर सापडत नाही. जो तो गच्चीवर, पत्र्यावर, नाहीतर कौलांच्या कडेला जीव सांभाळत उभा. हातात आसारी. इतर गावं तिला फिरकी म्हणोत की चक्री, आमची ती आसारी, आणि तिचा हात लहानपणीच बसावा लागतो. खाली गल्लीत हलकडी वाजते, वर पतंग भिडतात आणि ज्याचा कटला त्याचा कटला. कोणी किती कापले, पहिला कोण आला, याची यादी आजवर कोणी केलेली नाही. करीच्या रात्री आसारी खुंटीला लागते ती पुढच्या पौषापर्यंत.

अशा गावात वाढलेल्या माणसाला तीन महिने चालणारा हंगाम लवकर उमजत नाही. मला तो उमजला २०२३च्या थंडीत, शेजारच्या अण्णांच्या मागापाशी बसून.

अण्णा पैठणीचे विणकर. पुढच्या खोलीत माग, मागाखाली खड्डा, खड्ड्यात अण्णांचे पाय. दिवाळी उलटल्यावर त्यांनी एक जांभळी साडी मागावर घेतली होती. पदर भरगच्च, बांगडी मोरांचा. फेब्रुवारीअखेर द्यायची होती. त्यांच्या नातवाने मागाच्या चौकटीला सुतळीने मोबाइल बांधून दिला आणि २ डिसेंबरला प्रो कबड्डीचा दहावा हंगाम अहमदाबादेत सुरू झाला. मी शाळेतून निवृत्त झालेलो, रात्री जेवण लवकर होतं, घरात नातवंडांचं कार्टून. मी आपला चटई घेऊन अण्णांकडे.

अण्णा तरुणपणी स्वतः खेळलेले. त्यांच्या तोंडी अजून हुतूतूच येतं. लाल-निळ्या मॅटवर बूट घालून खेळणं त्यांना पहिल्यांदा पटलं नव्हतं. "मातीत पडल्याशिवाय पकड कसली, मास्तर?" पण पुणेरी पलटण हे नाव त्यांना आवडलं, आणि ते आवडलं ते संघ तळाला असताना. २०१४च्या पहिल्या हंगामात पलटण आठांत आठवी आली, दुसऱ्यातही आठवी. अण्णांनी तेव्हापासून धरलेला हात सोडला नाही.

त्यात मागच्या वर्षीची जखम ताजी होती. १७ डिसेंबर २०२२ला मुंबईत पलटण पहिल्यांदा अंतिम सामन्यात उतरली आणि जयपूरकडून ३३-२९ अशी हरली. पलटणचे अस्लम इनामदार आणि मोहित गोयत, दोघेही दुखापतीने बाहेर. अस्लम नगर जिल्ह्यातला. कोपरगावच्या वाटेला लागलं की आमचा तालुका संपतो आणि त्याचा जिल्हा सुरू होतो, त्यामुळे तो अण्णांच्या लेखी गावातलाच. पलटणचाच आकाश शिंदे तर नाशिकचा. दोघांची काळजी ते घरच्या पोरांसारखी करत: गुडघा बरा आहे ना, जास्त चढाया देत नाहीत ना.

मग ऑक्टोबर २०२३मध्ये भानगड झाली. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारत आणि इराण सुवर्णासाठी भिडले. शेवटच्या मिनिटांत एका चढाईच्या गुणांवरून असा वाद पेटला की सामना तासभर थांबला. शेवटी भारत जिंकला, ३३-२९. तोच आकडा, या खेपेला आपल्या बाजूने. भारताच्या चमूत अस्लम आणि आकाश होते; इराणच्या बचावात मोहम्मदरेझा शादलुई. अण्णांनी त्याला त्या दिवशी जे जे म्हटलं ते इथे छापण्यासारखं नाही. आणि दोन-तीन दिवसांत मुंबईच्या लिलावात पुणेरी पलटणने त्याच शादलुईला २ कोटी ३५ लाखांना घेतलं.

"आता हा आपला?" अण्णांनी धोटा हातातच थांबवला.

"आपला."

"कसा काय आपला? परवा अस्लमच्या अंगावर येत होता."

मला उत्तर सुचेना. मास्तरकी करून आयुष्य गेलं तरी काही प्रश्नांपुढे खडू हातातच राहतो. उत्तर शेवटी त्यांच्या मागानेच दिलं, तेही पुष्कळ दिवसांनी. रेशमाची लड बंगळुरूकडची, जर सुरतेची, वाण पैठणचा, आणि साडी मात्र येवल्याची. येवल्यात माग आहे, येवल्यात हात आहे, म्हणून. मी हे बोलून दाखवलं तेव्हा अण्णा नुसते हसले. पण त्या दिवसापासून ते त्याला शादलू म्हणायला लागले, "तो इराणी" म्हणायचं सुटलं.

आता हंगामाचं सांगतो. बारा संघ, प्रत्येकाचे बावीस सामने, आणि सगळा लवाजमा बारा शहरांतून फिरणारा: अहमदाबाद, बंगळुरू, पुणे, चेन्नई, नोएडा, मुंबई, जयपूर, हैदराबाद, पाटणा, दिल्ली, कोलकाता, पंचकुला. एखाद्या जुन्या तमाशाच्या फडाने गावोगाव मुक्काम करावा तसा. मोबाइलवर मागचं शहर बदलत राहायचं, आमच्या खोलीत मात्र तोच माग, तोच पिवळा दिवा आणि फणीचा तोच ठोका. पहिल्या आठवड्यात मी प्रत्येक गुणाला ओरडत होतो. दुसऱ्या आठवड्यात घसा बसला. तिसऱ्यापासून पाहायला शिकलो.

अण्णांना आवडते ती रिकामी चढाई. चढाईपटू मध्यरेषा ओलांडतो, निदान रेषा पार करतो, कोपऱ्याकडे दोन पावलं, मध्याकडे एक, हात लांबवतो, मागे घेतो, आणि तीस सेकंद संपता संपता परत. गुण नाही. मी म्हणायचो, फुकट गेली. अण्णा म्हणायचे, "कशी फुकट? त्यानं कोपरेवाल्याचा पाय कुठं असतो ते बघून घेतलं." लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी करो या मरो, तिच्यात गुण आणायचा, नाहीतर बाहेर. त्या तिसऱ्या चढाईला लोक खुर्चीवरून उठतात. अण्णा पहिल्या दोन लक्ष देऊन पाहत आणि तिसरीच्या वेळी कधीकधी तुटलेला धागा सांधत बसत. साडीचं साधं अंग विणताना धोटा झरझर जातो, बघणाऱ्याला त्यात काही दिसत नाही. पदराला आलं की तिल्ल्यांची गर्दी, दिवसभरात इंच-दीड इंच. गिऱ्हाईक पदर पसरून बघतं. अण्णा दुसऱ्याची साडी हातात घेतात तेव्हा अंग उलटं करून बघतात.

डिसेंबर संपेस्तोवर पलटणच्या विजयांची मोजणी सोडली होती, फक्त हरले का तेवढं विचारायचं. प्रशिक्षक बी. सी. रमेश, त्यांनी आधी बंगळुरूला आणि मग बंगालला अजिंक्यपद मिळवून दिलेलं. चढाईला एकच देव बसवायचा आणि बाकीच्यांनी आरती करायची, अशी रीत पुष्कळ संघांत दिसते. इथे अस्लम, मोहित, पंकज मोहिते, आकाश असे सगळे पाळीपाळीने पुढे. एक बाद झाला की दुसरा. माझ्या मते तीच या संघाची खरी देखणी गोष्ट होती. एकाच्या नावाने घोषणा देता येत नाही अशा संघावर प्रेम करायला मात्र जरा वय लागतं.

संक्रांतीला मी मागावर गेलो नाही. कबड्डीचा कारवां तेव्हा जयपूरला होता, तेही पतंगांचंच शहर. आमच्या गच्चीवर स्पीकर, तिळगूळ, डोळ्यांत ऊन. नातू पतंग बदवत होता, मी आसारी धरून. दुपारी मांजा बोटात रुतला तेव्हा लक्षात आलं की हा नायलॉनचा आहे; कुठूनसा आणलेला. बंदी आहे, पक्षी मरतात, माणसांचे गळे चिरतात, हे त्याला शाळेत शिकवलेलं असणारच, मीही तेच शिकवत आलो. आसारीवरचा सगळा मांजा उतरवून घेतला. पोरगं दिवसभर रुसलं. संध्याकाळी अण्णा खालून ओरडले, "मास्तर, पलटण तुमच्या पतंगापेक्षा बरी, कटून येत नाही!" आणि तीन महिन्यांचा हंगाम कशाला असतो याचं निम्मं उत्तर मला तिथे, चिरलेल्या बोटाला हळद लावताना मिळालं. तीन दिवसांत नशीब चालून जातं. तीन महिन्यांत ते कुठेतरी बसून घेतं आणि मग हाताचं काम दिसायला लागतं.

साखळी संपली तेव्हा पलटण अव्वल. २२ पैकी १७ विजय, ३ बरोबरी, फक्त २ हार. ९६ गुण. तेव्हा विजयाचे ५, बरोबरीचे ३, आणि सात किंवा कमी गुणांनी हरलं तर समजुतीचा १ मिळे. त्या दोन हारीतूनही त्यांनी एकेक आणला होता. अण्णांनी हा हिशेब खडूने भिंतीवर मांडला.

"आता या ९६चं काय होतं?"

"काही नाही अण्णा. थेट उपांत्य फेरी. तिथे पुन्हा शून्यापासून."

"म्हणजे उसवलं?"

मी समजावू लागलो की जगभर असंच असतं. माझा भाचा अमेरिकेत, बोस्टनकडे. तिकडचा फुटबॉल पायाने कमी आणि हाताने जास्त खेळतात. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाहीतर चेंडू दुसऱ्याला. आपल्या करो या मरोचा थोरला भाऊच तो. तिथल्या न्यू इंग्लंड पेट्रियट्स संघाने २००७च्या हंगामात साखळीतले सोळाच्या सोळा सामने जिंकले, बाद फेरीत आणखी दोन, आणि फेब्रुवारी २००८मध्ये शेवटचा एक न्यूयॉर्क जायंट्सकडून हरले. १७-१४. भाचा म्हणतो, कचेरीत अजून त्या सामन्याचा विषय कोणी काढत नाही. (त्या खेळाचा एक संघ पुण्यातही होऊन गेला, पुणे मराठाज. २०१२ची आपल्याकडच्या लीगची पहिलीच स्पर्धा त्याने जिंकली. येवल्यात कोणाला पत्ता नाही. अजिंक्य होऊनही माणूस इतका एकटा असू शकतो.)

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. "अठरा जिंकले, एक हरला, आणि जिंकला तो दुसराच. साडी नापास आणि लेबल पास," एवढंच म्हणाले. मी शेवटच्या सामन्याच्या बाजूने बोलत होतो खरा, पण मनातून अण्णांशी सहमत होतो आणि आजही आहे. चाळीस मिनिटांच्या सामन्यात पाहायला मजा येते. न्याय मात्र बावीसच्या बावीस सामन्यांतच असतो.

उपांत्य सामन्यात पलटणने पाटण्याला ३७-२१ असं धुतलं. अंतिम सामना १ मार्च २०२४ला, हैदराबादच्या गचीबावलीत, हरियाणा स्टीलर्सशी. त्या रात्री माग बंद होता. साडी आदल्या दिवशीच उतरली होती. रिकामा माग पाहायला बरा वाटत नाही. अण्णा खड्ड्यात पाय सोडून, सवयीनेच, तिथेच बसले.

सामना देखणा झाला नाही. दोन्ही बचाव घट्ट, चढाईमागून चढाई रिकामी. शेजारची पोरं कंटाळून उठून गेली. अण्णा पुढे सरकून बसले. त्यांच्या आवडीचंच चाललं होतं. मध्यंतराच्या तोंडावर पंकज मोहिते गेला आणि एकाच चढाईत चार गुण घेऊन आला. मध्यंतराला १३-१०. उत्तरार्धात हरियाणा मागे लागलं, अंतर कमी झालं, अण्णांच्या हातात धोटा नव्हता म्हणून बोटं नुसतीच हलत होती. शिट्टी झाली तेव्हा २८-२५. बक्षिसं वाटली, हंगामातला सर्वोत्तम खेळाडू अस्लम, सर्वोत्तम बचावपटू शादलू, ९९ पकडींचे गुण. हांगझोऊला समोरासमोर असलेले दोघे एकाच भगव्या बनियनमध्ये एकमेकांच्या गळ्यात. अण्णांनी भिंतीवरचा ९६ पुसला नाही. त्याखाली २८-२५ लिहिलं, अंमळ बारीक अक्षरात.

पुढच्या हंगामात अस्लम मध्येच जायबंदी झाला आणि पलटण पहिल्या सहांतही आली नाही. अंतिम सामना २९ डिसेंबर २०२४ला झाला, तोही पुण्यातच, बालेवाडीत. हरियाणाने पाटण्याला ३२-२३ असं हरवलं. हरियाणाच्या बचावात शादलू होता. नव्या लिलावात त्यांनी त्याला २ कोटी ७ लाखांना घेतलं होतं. अण्णांनी सामना शेवटपर्यंत पाहिला, आणि शादलूने कोणाला धरलं की दर वेळी मान हलवून दाद दिली.