४२.३४ मीटरवरचं बदक

दिवाळीच्या सुट्टीहून येताना आजोबांचा जुना रेडिओ होस्टेलवर आणला. टेरेसवर तांब्याची तार ताणली, तिचं एक टोक खिडकीतून रूममध्ये घेतलं आणि रात्री शॉर्टवेव्हवर काटा फिरवत बसलो. ४१ मीटरच्या थोडं पुढे विचित्र आवाज आला.

"अबे, हे तर बदक बोलून राह्यलं!" रूम पार्टनर म्हणाला.

ते बदक म्हणजे हॅमवाले. त्यांच्या एसएसबी सिग्नलमधून कॅरिअर काढून टाकलेला असतो, त्यामुळे साध्या सेटवर शब्द कळत नाहीत. (कम्युनिकेशनच्या पेपरला मी हेच सोडून आलो होतो!)

पण मित्रांनो, ती जागा साधी नाही. ४२.३४ मीटर म्हणजे साधारण ७.०८ मेगाहर्ट्झ, भागाकार करून बघा. २७ ऑगस्ट १९४२ पासून इथेच मुंबईचा गुप्त काँग्रेस रेडिओ बोलायचा. पत्ता काय सांगायचा, तर भारतात कुठूनतरी! चालवणाऱ्या उषा मेहता तेव्हा २२ वर्षांच्या, म्हणजे आपल्या सुपर सीनिअरएवढ्या. पेपरांवर सेन्सॉर होता. आपल्या शेजारच्या आष्टी-चिमूरला ऑगस्टमध्ये काय झालं, चिमूरमध्ये लोकांवर कसे अत्याचार झाले, हे या रेडिओने सांगितलं. आमच्या कॉन्व्हेंटच्या पुस्तकात 'क्विट इंडिया' होतं, चिमूर नव्हतं.

असं स्टेशन शोधतात कसं? लूप अँटेना फिरवला की एका दिशेला सिग्नल अगदी पडतो. दोन ठिकाणांहून अशा दोन रेषा काढायच्या, छेदतील तिथे ट्रान्समीटर. हॅमवाले आजही 'फॉक्स हंट' म्हणून हा खेळ खेळतात. तेव्हा मात्र तो जिवावरचा होता, म्हणून ही मंडळी सारखी जागा बदलायची.

तरी १२ नोव्हेंबरला पोलीस पोचलेच, आणि तेही लूपमुळे नाही. ट्रान्समीटर बनवणारा नरीमन प्रिंटर पकडला गेला आणि त्यानेच जागा दाखवली. उषा मेहतांनी चौकशीत तोंड उघडलं नाही. चार वर्षांची शिक्षा झाली, १९४६ ला सुटल्या.

हे वाचलं त्या रात्री मी प्रिंटरला भरपूर शिव्या घातल्या. इंजिनिअर माणूस, आणि असा!

आठवड्याने रेक्टर सर दारात उभे. "टेरेसवरची तार कोणाची?" कुणी मारलं नाही, कोठडी नाही, नुसता प्रश्न. मी पार्टनरकडे बोट दाखवलं. अर्धं मिनिटही लागलं नाही. तो माझ्याकडे बघत राहिला, पण बोलला काहीच नाही. तार निघाली, दोनशे रुपये दंड त्याच्या नावावर.

सर, हा अंक तुम्ही वाचालच. तार माझी होती.

पार्टनरला मी पैसे द्यायला गेलो तर घेईना. म्हणाला, "राहू दे बे. पहिले नवीन तार आण."