सगोत्र आणि परभाषी

‘पोकेमॉन’च्या खेळात आगळ्या रंगाची प्रजा निपजविण्याच्या उद्योगात ज्याची बरीच उमेदवारी झाली आहे, तो जाणून असतो की रंग आपल्या हातचा नाही, आपल्या हाती असते ती फक्त सोयरीक. 1999 साली जपानात ‘गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’ हे खेळ निघाले, तेव्हा असा ‘शायनी’ जीव भेटण्याचा योग 8192त एक होता. परंतु रंग तेथे प्राण्याच्या अंगभूत गुणांकांवरूनच ठरत असल्यामुळे, आणि त्यांपैकी काही गुणांक वारशाने उतरत असल्यामुळे, शायनी जनकाच्या विरुद्धलिंगी अपत्यात तो योग 64त एकापर्यंत चढे. मात्र दोन्ही जनक शायनी असले, तर ते गुणांक जुळून येत, खेळ त्यांना सगोत्र ठरवी आणि अंडे म्हणून मिळत नसे. हा धर्मशास्त्री बाणा मला अजूनही मनापासून आवडतो.

पुढे रंगाचा हा वारसा खालसा झाला. 2006 साली ‘डायमंड’ आणि ‘पर्ल’ यांत निराळीच तजवीज आली: जनक दोन भिन्न भाषांच्या खेळांतले असावेत, म्हणजे योग वाढतो. या खेळांचे दिग्दर्शक जुनिची मासुदा यांच्या नावाने ही पद्धत ओळखली जाते. 2013च्या ‘एक्स’ आणि ‘वाय’मध्ये साधा योग 4096त एक, परभाषी सोयरिकीचा सुमारे 683त एक, आणि त्याच्या जोडीला ‘शायनी चार्म’ ही खेळातली वस्तू पदरी असेल तर 512त एक.

मी बहुधा मॅजिकार्प घेतो, कारण त्याचे अंडे फुटायला फार चालावे लागत नाही, आणि संघात टॅलनफ्लेम असला की तीही पावले निम्म्यावर येतात. सायकलीवरून लुमिओस शहरातल्या मनोऱ्याला प्रदक्षिणा घालीत राहावे, अंड्याने थरथरावे, कवच तडकावे, आणि आतून पुन्हा तोच तांबडा मासा निघावा! नवशिक्यास वाटते, 683 अंडी झाली की सोनेरी मासा हक्काचाच. वस्तुतः प्रत्येक अंड्याचा निकाल स्वतंत्र असून मागचा हिशेब कोणत्याही दफ्तरी जमा होत नाही, आणि तेवढी अंडी फोडूनही शंभरांतले सुमारे 37 जण रिकाम्या हातानेच उरतात.

ज्याला हा छंद धरायचा असेल त्याने आधी परभाषी डिट्टो मिळवावा, कारण त्याची जोडी बहुतेक सर्व जातींशी जमते. जात मात्र पारखून घ्यावी: सोनेरी मॅजिकार्प वाढून लालभडक ग्याराडोस होतो, पण गास्टलीचा गेंगार झाला की शायनी कोणता आणि साधा कोणता, हे सांगताना जाणत्याचेही डोळे ताणले जातात. त्याच्यापायी एवढी अंडी फोडू नयेत.