पहिली पंगत

शाळेत असताना 'अविस्मरणीय प्रसंग' या विषयावर आपण सर्वांनीच निबंध लिहिले आहेत. पुरातून वाचवलेले वासरू, अनोळखी म्हाताऱ्याला केलेली मदत असे माझेही दोन-चार प्रसंग जुन्या वह्यांत पडून आहेत. त्यांतला एकही घडलेला नव्हता. आज जो सांगणार आहे तो घडलेला आहे, आणि म्हणूनच तो लिहायला मला इतके दिवस लागले.

प्रथम एक कबुली देतो. आपल्या महाविद्यालयाच्या मागच्या गल्लीत, पिठाच्या गिरणीशेजारी जी खानावळ आहे, ती माझ्या आईची. वसतिगृहातले निम्मे मित्र तिथे जेवतात. बुधवारी आणि रविवारी तांबडा-पांढरा रस्सा असतो तेव्हा पायरीवर ताटकळत उभे राहतात. पण 'मेसवाल्या मावशी' माझी आई आहेत हे मी दोन वर्षे कोणाला सांगितले नव्हते. प्रथम वर्षाच्या प्रवेशअर्जात 'आईचा व्यवसाय' या रकान्यात मी सुवाच्य अक्षरात 'गृहिणी' असे लिहिले होते. ते अगदीच खोटे नव्हते, अशी मी माझी समजूत घातली होती.

माझी थोरली बहीण सी.ए. झाली आणि मुंबईत नोकरीला लागली. डिसेंबर २०२३ मध्ये आमच्या खानावळीला पंचवीस वर्षे पूर्ण झाली. ताईने फोनवरून फर्मान काढले, "पंचवीस वर्षं तू लोकांना वाढलंस. आता एक दिवस तुला वाढायला लावते. चांगल्या हॉटेलात." चांगले हॉटेल म्हणजे पंचतारांकित. आई म्हणाली, "आणि त्या दिवशी इथं पोरं काय खातील?" शेवटी शेजारच्या काकूंवर दोन वेळचा स्वयंपाक सोपवून आम्ही तिघे महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये बसलो.

जाण्यापूर्वी आठ दिवस मी स्वयंपाकघरात आईची शिकवणी घेतली. काटे डावीकडे, सुरी उजवीकडे, तिची धार ताटलीकडे, सुपाचा चमचा त्याच्याही बाहेर. प्रत्येक पदार्थाबरोबर बाहेरून आत येत जायचे. जेवण चालू असेल तर काटा-सुरी ताटलीत दूर दूर ठेवायची, संपले असेल तर जवळ जवळ. हे सारे मी मोबाईलवर पाहून पाठ केले होते. आमच्याकडे काटे नव्हते, म्हणून झाऱ्या-चमच्यांवर तालीम झाली. बाबा म्हणाले, "एवढं शिकून जेवायचं, तर परीक्षा फी पण घेतील ते." आई मात्र भाकरी थापता थापता निमूटपणे ऐकत होती. एकदाच तिने विचारले, "ह्याच्यात वाढणाऱ्यानं काय करायचं ते काय शिकवलंय का रे?" मी म्हणालो, "ते आपल्याला कशाला?"

मुंबईत दिवसा आम्ही गेटवे ऑफ इंडिया पाहिला आणि समोरचे ताजमहाल हॉटेल बाहेरूनच पाहिले. गेटवे १९२४ साली पूर्ण झाला, तर जमशेटजी टाटांचे हे हॉटेल १६ डिसेंबर १९०३ रोजी उघडले. म्हणजे आज जो दरवाजा आपल्याला जुना वाटतो, तो उभा राहण्याच्या आधी वीस वर्षे इथे पाहुणे जेवत होते. रात्रीचे आमचे जेवण दुसऱ्या एका हॉटेलात होते. त्याचे नाव सांगत नाही, कारण ही त्याची जाहिरात नाही आणि तक्रार तर मुळीच नाही.

दरवानाने दार उघडले तेव्हा बाबांनी त्याला हात जोडून नमस्कार केला. मी मान खाली घातली. आत गालिचा इतका मऊ होता की पाय वाजेनात. पांढराशुभ्र टेबलक्लॉथ, त्यावर चौघांसाठी मिळून मी मोजले तर बत्तीस काटे-चमचे-सुऱ्या. आईसाठी खुर्ची मागे ओढली गेली. तिला वाटले, खुर्ची दुसऱ्या कोणासाठी नेत आहेत. ती बाजूला सरकली. मी दातओठ दाबून म्हणालो, "बस ना, तुझ्यासाठीच आहे."

पदार्थ ताईनेच सांगितले. दर आईला दिसू नयेत म्हणून तिने कार्ड स्वतःपुढे धरून ठेवले होते. युरोपातल्या जुन्या उपाहारगृहांत स्त्री-पाहुणीच्या हाती दर न छापलेले कार्ड देण्याची रीतच होती, हे मी नंतर वाचले. आमच्या खानावळीत दर फळ्यावर खडूने लिहिलेले असतात. आईने एवढेच विचारले, "आणि आजचं काय आहे, ते कुठं लिहिलंय?"

सूप आले. वाढणारा तरुण सरळ आईजवळ आला आणि तिच्यापुढे पहिली बशी ठेवली. आईने हाताने खूण केली की आधी यांना, म्हणजे बाबांना. तो किंचित हसून म्हणाला, "पहले आप, मॅडम." अशा जेवणात बायकांना आधी वाढतात हा नियम मला पाठ होता, पण आईला शिकवायचा राहून गेला होता. आई त्या बशीकडे पाहत बसली. माझ्या आठवणीत तिच्यापुढे पहिले ताट कधीच आले नव्हते. घरी बाबा, आम्ही, मग गिऱ्हाइके, मग भांडी घासणाऱ्या मावशी आणि शेवटी ती. लग्नकार्यातही ती शेवटच्या पंगतीला बसते, तीही वाढून वाढून कंबर धरल्यावर. तिने चमचा उचलला नाही. चौघांना वाढून होईपर्यंत थांबली. हाही तिथला नियमच होता, फक्त तो तिला कोणी शिकवावा लागला नाही.

मग मासा आला, मग कोकराच्या बरगड्या. आईने काटा-सुरी बरी चालवली. मटणाचा पहिला घास घेऊन ती म्हणाली, "मसाला नाही, पण शिजवलंय बेतानं. घाई केलेली नाही." मी सुटकेचा निःश्वास टाकतो आहे तोच ते घडले.

मुख्य जेवण संपले होते. आईने सवयीने शेजारची ताटली उचलली, तिच्यातली हाडे आपल्या ताटलीत काढली, एकीवर एक ताटली रचली आणि मांडीवरच्या नॅपकिनने टेबलावरचा पावाचा चुरा गोळा करू लागली. पलीकडच्या टेबलावरच्या एका बाईंनी पाहिले. निदान मला तसे वाटले. मी आईचे मनगट धरले आणि दबक्या आवाजात म्हणालो, "आई, ठेव ते! ही आपली मेस नाही. लाज आणतेस."

आईने हात मागे घेतले आणि मांडीवर ठेवले. ताई माझ्याकडे बघतच राहिली. बाबा पाणी प्यायले. कोणी काही बोलले नाही.

तेवढ्यात तो वाढणारा आला. त्याने उजव्या बाजूने ताटल्या उचलल्या. मग खिशातून एक लहानशी, बाक दिलेली चकचकीत पट्टी काढली आणि टेबलावरचा सगळा चुरा हलकेच ओढत एका ताटलीत घेतला. गोड पदार्थ येण्यापूर्वी टेबल असे स्वच्छ करायचेच असते. जे काम आई करत होती तेच तो करत होता. तिच्या हाती नॅपकिन होता, त्याच्या हाती पट्टी, एवढाच काय तो फरक. आईने एकदा माझ्याकडे पाहिले. तिच्या नजरेत राग असता तर बरे झाले असते.

त्याचे काम ती टक लावून पाहत होती. म्हणाली, "हात चांगला आहे तुमचा. कापड जरा पण हललं नाही." मराठी ऐकताच त्याचा चेहरा बदलला. तो सावंतवाडीकडचा निघाला. 'मॅडम'ची 'काकी' झाली. आईने विचारले, "तुमचं जेवण कधी होतं?"

"ड्यूटी सुटल्यावर, काकी. साडेअकरा-बारा."

"मग सहाला थोडं खाऊन घेत जा. मी तसंच करते. मोकळ्या पोटी वाढलं की हात कापतो."

"खाऊनच येतो," तो म्हणाला. मग दोघांचे जे बोलणे झाले त्यात आम्ही तिघेही नव्हतो. चौघांचे चार पदार्थ एकाच वेळी गरम कसे येतात, आत किती माणसे असतात, रस्सा कोण बघतो, भाजण्याचे काम कोणाकडे. तो डाव्या बाजूने का वाढतो तेही त्याने सांगितले. पाहुणा बहुधा उजव्या हाताचा असतो, डावीकडून पात्र पुढे केले म्हणजे त्याला सहज वाढून घेता येते. आई म्हणाली, "आम्ही पंगतीत समोरनं वाढतो. पण पदर आणि पळी पानाला लागू द्यायची नाही, हे तेच झालं." त्या भल्यामोठ्या दालनात त्या धंद्यातली माणसे कोण आणि नवखी कोण, हे मला त्या क्षणी कळले. नवखा मी होतो.

घरी आल्यावर मी या विषयावर थोडे वाचले. ज्या रीतीचा मला एवढा दबदबा वाटत होता, ती फार पुरातन नाही. फ्रान्समध्येही पूर्वी पुष्कळ पदार्थ एकदम टेबलावर मांडत, आपल्या ताटासारखेच. एकामागून एक पदार्थ वाढण्याची पद्धत तिथे एकोणिसाव्या शतकात रुळली, आणि ती 'रशियन पद्धत' म्हणूनच ओळखली जाते. हॉटेलच्या मुदपाकखान्याला शिस्त लावणारा ऑग्यूस्त एस्कॉफिए (१८४६–१९३५) हा तेराव्या वर्षी काकाच्या उपाहारगृहात कामाला लागला होता. सॉस एकाकडे, भाजणे दुसऱ्याकडे, गोड तिसऱ्याकडे अशी कामाची वाटणी त्याने लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात बसवली. त्याचा प्रसिद्ध पाकग्रंथ १९०३ चा, म्हणजे आपले ताज उघडले त्याच वर्षीचा. शेकडो अनोळखी माणसांना एकाच रात्री, वेळेवर, गरम आणि मानाने जेवू घालायचे कसे, या एका प्रश्नातून ती सारी व्यवस्था उभी राहिली. आमच्या घरात हा प्रश्न रोज सकाळी पाच वाजता उभा राहतो. तीन शेगड्यांवर आई तो एकटी सोडवते.

मग काटे-चमच्यांचे नियम वाईट का? तसे मला वाटत नाही. आपल्या पानालाही नियम आहेतच. मीठ, लिंबू, चटणी डाव्या हाताला, भाजी उजव्या हाताला, आणि सगळ्यांचे झाल्याशिवाय उठायचे नाही. शेजारी बसलेल्या परक्यालाही संकोच वाटू नये म्हणून नियम असतात. पण नियमाचा उंबरठा व्हायला वेळ लागत नाही. आपल्या पंगतींनी माणसे किती काळ बाहेर बसवली, हे कोल्हापुरात राहणाऱ्याला सांगावे लागू नये. राजर्षी शाहू महाराज गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात मुद्दाम चहा प्यायला जात, ते चहाच्या तल्लफेने नव्हे. त्या गावात वाढलेल्या मी मात्र चुऱ्याच्या चार कणांसाठी स्वतःच्या आईला पंगतीतून उठवल्यासारखे केले. तेही ती पहिल्या पंगतीला बसलेली असताना.

बिल आले. ताईने ते उलटे ठेवले, पण बाबांनी उलटलेच. पदार्थांच्या किमतींवर ते काही बोलले नाहीत. फक्त १८ टक्के जी.एस.टी. पाहून म्हणाले, "पाच असतो ना?" ताईने समजावले की साध्या हॉटेलात पाच, महागड्या खोल्यांच्या हॉटेलातल्या उपाहारगृहात अठरा. निघताना आईने नॅपकिनची चौकोनी घडी घातली. जेवणानंतर तो सैलसर ठेवायचा असतो, हे मला ठाऊक होते. मी गप्प राहिलो.

परतीच्या गाडीत मी तिला म्हणालो, "आई, चुकलं माझं." ती म्हणाली, "असू दे. लेकरू दमलं होतं." तिने मला इतक्या सहज सोडून द्यायला नको होते, असे मला अजून वाटते.

यंदा तृतीय वर्षाचा अर्ज भरताना 'आईचा व्यवसाय' या रकान्यात मी 'खानावळ' असे लिहिले आहे. संध्याकाळी गिऱ्हाईक उठले की टेबल पुसायला मी जातो. कापड अजून हलते. आईला आधी जेवायला बसवण्याचा प्रयत्नही करून पाहिला. दोन दिवस ती बसली, तिसऱ्या दिवशी अर्ध्या भाकरीवरून उठली, कारण पायरीवर वसतिगृहाची पोरे उभी होती. तिला पहिल्या पंगतीला बसवणे हे एका रात्रीचे काम नाही, हे मला उमगले आहे.

गल्लीतल्या बायका अजून तिला विचारतात, एवढ्या मोठ्या हॉटेलात जेवण कसे होते? आई सूप सांगत नाही, मासा सांगत नाही, काटे-चमचे तर नाहीच.

"वाढणारी माणसं चांगली होती," एवढेच म्हणते.